खड्ड्याची नोंद करून घ्या

खड्ड्यामुळे कोणाचा जीव गेला की दोन दिवसांत तो खड्डा बुजवला जातो. वर्षभर अर्ज करूनही ज्याकडे कोणी फिरकलं नाही, त्याच्यावर एका रात्रीत खडी पडते, डांबर ओतलं जातं, रोलर फिरतो. घरची माणसं दिवसकार्य आटोपून जागा बघायला जातात तेव्हा तिथे सपाट रस्ता असतो. दुरुस्ती झाली हे चांगलंच, पुढचा माणूस तरी वाचेल. पण त्या डांबराखाली एका घराचा पुरावा गाडला जातो. तोवर पोलीस ठाण्यात लिहून झालेलं असतं की दुचाकीस्वाराने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व भरधाव वेगाने चालवले आणि तो स्वतःच्याच मृत्यूस कारणीभूत झाला. त्या कागदात खड्डा कुठेच नसतो.

मला सांगायचं आहे ते या पहिल्या दोन दिवसांबद्दल. कारण महाराष्ट्रात आता खड्ड्याने गेलेल्या माणसाच्या घराला भरपाई मिळण्याचा रस्ता उघडला आहे. मात्र तो कागदावरूनच जातो, आणि पहिले कागद आपण सगळे भांबावलेले असताना तयार होतात.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने निकाल दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमी झाल्यास दुखापतीच्या गांभीर्याप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. यासाठी समित्या नेमायला सांगितलं. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. भरपाई दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यायची. दिली नाही तर संबंधित प्रमुख अधिकारी व्यक्तिशः जबाबदार, आणि वर ९ टक्के व्याज. दिलेले पैसे नंतर दोषी अधिकाऱ्यांकडून आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे. हे सगळं सुरू झालं ते न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ साली मुंबईच्या रस्त्यांविषयी मुख्य न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून. न्यायालयाने त्या पत्रालाच जनहित याचिका मानलं. चांगला, सुरक्षित रस्ता मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालय त्यानंतर वारंवार सांगत आलं. शेवटी बारा वर्षांनी आकडा ठरला.

म्हणून पहिली विनंती अशी. ही रक्कम कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही. ती मागताना मान खाली घालू नका. ‘मेलेल्या माणसाचे पैसे घेता’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात निघतात. त्यांना सांगा, की रस्ता ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी काम केलं नाही, त्याचा हा हिशोब आहे. शिवाय आपल्या खिशातून पैसे जातात हे कळल्याशिवाय कोणतंही कार्यालय जूनच्या आधी रस्त्याकडे बघत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या घराने केलेला दावा पुढच्या घरातला माणूस वाचवतो.

आता त्या दोन दिवसांत काय करायचं ते.

सुरुवात दवाखान्यापासून होते आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. जखमीला घेऊन येणारा माणूस घाबरलेला असतो. डॉक्टर विचारतात, काय झालं? तो म्हणतो, ‘गाडी स्लिप झाली.’ केसपेपरवर तेवढंच उतरतं: गाडीवरून स्वतः पडला. सहा महिन्यांनी समोरचा वकील तोच केसपेपर वर धरतो, आणि म्हणतो की खड्ड्याची गोष्ट तुम्ही मागाहून रचली. तेव्हा जो कोणी सोबत असेल त्याने पूर्ण वाक्य बोलावं: ‘अमुक चौकाजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि गाडी आदळली.’ डॉक्टरांनी काय लिहिलं ते बघायची विनंती करा. ‘अपघाताची केस आहे, पोलिसांना कळवा’ हेही सांगा, कारण खासगी दवाखान्यात बऱ्याचदा ‘कशाला पोलिसांची कटकट’ म्हणून ते राहून जातं. जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूने घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याने नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. पैशांची सोय नसेल तर रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५पासून लागू आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार तिच्यातून होतात. ११२ वर फोन करून विचारा.

मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. हे लिहितानाही जड जातं. आधीच शरीराची दशा झालेली, त्यात आणखी चिरफाड नको, असं आईला वाटतं, आणि गावचे चार लोक रात्रीतच मृतदेह घेऊन निघतात. पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर मृत्यू अपघातानेच झाला हे सिद्ध करायला घराकडे काही उरत नाही. जखमी माणूस पंधरा-वीस दिवस झुंजून गेला तर त्यावेळी पुन्हा पोलिसांना लेखी कळवायचं, नाहीतर कागदावर तो जखमीच राहतो.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि मग हवालदार जागेवर जाऊन घटनास्थळाचा पंचनामा करतात. हा पंचनामा म्हणजे पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया. घरातला किंवा ओळखीतला एक शांत डोक्याचा माणूस त्यावेळी तिथे हजर पाहिजे. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली, तो रस्त्याच्या मध्यावर होता की कडेला, पाणी साचलं होतं का, दिवे चालू होते का, सावधानतेचा फलक किंवा बॅरिकेड होतं का, गाडी खड्ड्यापासून किती फुटांवर पडली होती, हे सगळं पंचनाम्यात यावं अशी नम्रपणे पण ठामपणे विनंती करा. ते लिहायला तयार नसतील तर भांडत बसू नका. घरी येऊन साध्या मराठीत अर्ज लिहा आणि त्याच दिवशी ठाण्यात देऊन पोच घ्या. तारखेसह दिलेला अर्ज नंतर कोणाला पुसता येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे, आणि तो फक्त वाहनचालकाकडूनच घडतो असं कायदा कुठेही म्हणत नाही. रस्ता खणून तसाच सोडणारा ठेकेदार, झाकण न बसवणारा मुकादम, देखरेख न करणारा अभियंता यांच्याविरुद्धही फिर्याद देता येते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात पोलीस आयुक्तांना टपालाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उच्च न्यायालयाच्या निकालानुसार खड्ड्याच्या अपघाताची माहिती पोलिसांनीच ४८ तासांत समितीला कळवायची आहे. पण पंचनाम्यात खड्डाच नसेल तर ते कळवतील काय?

इथे एक नाजूक गोष्ट आहे आणि ती कोणी उघड बोलत नाही. दोघं गाडीवर होते, मागचा गेला, चालवणारा वाचला. मग कोणीतरी जाणकार सल्ला देतो: गुन्हा चालवणाऱ्यावरच होऊ द्या, म्हणजे मागे बसलेल्याचा विम्याचा दावा सोपा जाईल. दुःखात बुडालेलं घर ‘हो’ म्हणतं. मग भावाच्या मरणाचा गुन्हेगार म्हणून भाऊच कोर्टाच्या खेपा घालतो, आणि ज्यांचा रस्ता होता ते मोकळे राहतात. हा सल्ला ऐकू नका. जे घडलं तेच सांगा. चालवणाऱ्याची चूक आणि रस्त्याचा दोष दोन्ही असू शकतात, आणि दोघांमुळे नुकसान झालेल्याला भरपाई मागता येते.

फोटोंबद्दल थोडं सांगतो. अपघात झाल्याबरोबर, गाडी हलवण्याआधी शक्य असेल तर, नाहीतर त्याच दिवशी उजेडात, एकाने जाऊन फोटो काढावेत. नुसता खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो कुठलाही असू शकतो. त्यामुळे एक फोटो लांबून घ्या, ज्यात दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड असं काही ओळखीचं दिसेल. दुसऱ्यात खड्ड्यात मोजपट्टी उभी धरा. टेप नसेल तर पाण्याची बाटली चालेल, बाटलीची उंची सगळ्यांना ठाऊक असते. एक व्हिडिओ काढा आणि त्यात तारीख, वेळ, जागा तोंडाने सांगा. मूळ फोटो ज्या फोनवर काढले त्या फोनवरून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतून तारीख आणि जागेची आतली माहिती निघून जाते, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना मूळ फोनवाल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आसपासच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर मालकाला त्याच दिवशी भेटा. काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं. चहाच्या टपरीवाल्याचं, रिक्षावाल्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. ‘या खड्ड्यात या महिन्यात चार जण पडले’ हे सांगणारा माणूस तोच असतो.

मग प्रश्न येतो, रस्ता कोणाचा. यावर अधिकारी तुम्हाला सहा महिने फिरवतील. महापालिका म्हणेल बांधकाम विभागाचा, बांधकाम विभाग म्हणेल महामार्ग प्राधिकरणाचा, प्राधिकरण म्हणेल ठेकेदाराचा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता, ही साधी खूण आहे. नव्या कामाच्या सुरुवातीला ठेकेदाराचं नाव, खर्च आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला फलक असतो, त्याचाही फोटो घ्या. त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पुढे माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि त्या जागेबद्दल आधी आलेल्या तक्रारींच्या नकला मागा. पण उत्तर येईपर्यंत थांबू नका. सगळ्या समित्यांवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेतच. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. रस्ता कोणाचा हे कळत नसेल तर अर्ज तिथे द्या आणि ज्यांच्या ज्यांच्यावर संशय आहे त्या सगळ्यांना प्रत पाठवा.

अर्जाला वकिली भाषा लागत नाही. कोण गेलं, कधी, कुठे, कसं, मागे कोण आहे, एवढं लिहा. सोबत फिर्यादीची किंवा अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा डिस्चार्ज कार्ड, दवाखान्याची बिलं, फोटो, नात्याचा पुरावा आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. सहा ते आठ आठवडे मोजायचे ते याच तारखेपासून. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असो, हा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.

सहा लाखांत एका कमावत्या माणसाचं आयुष्य भरून निघत नाही, हे न्यायालयालाही माहीत आहे. ही रक्कम इतर कायदेशीर भरपाईच्या व्यतिरिक्त आहे, तिच्यामुळे बाकीचे दरवाजे बंद होत नाहीत. दिवाणी दावा करता येतो, पण मुदती कडक आहेत. महापालिकेवर दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत लावावा लागतो. सरकारवर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं असेल तर तिथेही कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर वकिलाकडे जाणाऱ्यांच्या हातून यातलं बरंच काही निसटलेलं असतं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याच्या निकृष्ट बांधणीमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. हा दंड घरच्यांना मिळत नाही, निधीत जातो, आणि कोट्यवधींच्या ठेक्यापुढे एक लाख म्हणजे काहीच नाही. तरीही फिर्यादीत या कलमाचा उल्लेख करा. खड्डा नसून न रंगवलेला गतिरोधक, पसरलेली खडी किंवा खचलेली साइडपट्टी कारण असेल, तर उच्च न्यायालयाच्या निकालातले खड्डे आणि मॅनहोल हे शब्द पुढे करून समिती कदाचित अडवेल. तेव्हा हे कलम आणि दिवाणी दावा यांचाच आधार आहे.

विम्याचे कागद मात्र आजच काढून बघा, अपघाताची वाट नको. त्यात मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण अशी ओळ आहे का? असेल तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आल्यास १५ लाख रुपये मिळतात, आणि चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. गाडी एकटीच खड्ड्यात पडली तरी मिळतात. अटी दोन: चालवणारा स्वतः नोंदणीकृत मालक असला पाहिजे आणि त्याच्याकडे वैध परवाना पाहिजे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असं आपल्याकडे घरोघरी असतं. त्या घरांना हे पैसे मिळत नाहीत. गाडी ज्याच्या अंगाखाली रोज असते त्याच्या नावावर करून घ्या. जुन्या गाडीचा विमा संपलेला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो भरा. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर मागे बसणाऱ्याला संरक्षण नसतं, हेही ध्यानात असू द्या.

‘हेल्मेट नव्हतं ना?’ असं अधिकारी विचारतील. हेल्मेट घालाच, त्याबद्दल दुमत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. पण हेल्मेट नसण्याने खड्डा भरून निघत नाही. स्वाराची चूक असेल तर न्यायालय तिच्या प्रमाणात भरपाई कमी करील, रस्त्याची चूक पुसून टाकणार नाही. तुम्ही स्वतःहून तो निकाल देऊ नका. त्याच वर्षी खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद १,८५६ आहे. ही संख्या पोलिसांच्या कागदांवरून गोळा होते, म्हणजे ज्या खड्ड्यांची नोंद झाली तेवढ्यांचीच. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत हा आकडा १४,९२६ होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो पाहून म्हटलं होतं की सीमेवर किंवा दहशतवाद्यांच्या हातून मरणाऱ्यांपेक्षाही हे जास्त असावेत. नोंद न झालेले किती, याचा हिशोब कोणाकडेच नाही. ‘वेळ आली होती, गेला’ असं म्हणून आपण स्वतःच तो हिशोब मिटवत आलो आहोत.

खड्डा दिसला की, कोणी पडायच्या आधीच, लेखी तक्रार करण्यालाही आता वजन आलं आहे. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवला नाही तर तो घोर निष्काळजीपणा धरून खातेनिहाय कारवाई करावी, असं न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या तक्रारीची तारीख ही त्या ४८ तासांची सुरुवात. सोसायटीच्या, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या पत्रावर द्या, फोटो जोडा, क्रमांक घ्या. मुंबईत दादाराव बिल्होरे यांचा मुलगा २०१५ साली खड्ड्यामुळे गेला, आणि तेव्हापासून ते स्वतःच्या हाताने शहरातले खड्डे बुजवत आले. त्या बापापुढे हात जोडावेत. पण ते काम त्यांचं नव्हतं, तुमचंही नाही. ज्यांचं आहे त्यांच्या टेबलावर तारखेचा कागद असू द्या.

आणि शेवटचं मागणं शेजाऱ्यांकडे, मित्रांकडे, कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडे. ज्या घरात माणूस गेला त्या घराकडून यातलं काही त्या दोन दिवसांत होणार नाही. त्यांना केसपेपर वाचता येणार नाही, पंचनाम्याला उभं राहता येणार नाही. आपण सगळे स्मशानात जातो, जेवणाचे डबे पाठवतो, दहाव्याला बसतो. त्यातल्या एकाने, ज्याला लिहायवाचायची सवय आहे अशा शिक्षकाने, बँकेतल्या माणसाने, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने, हे काम अंगावर घ्यावं. एक दवाखान्यात थांबेल, एक टेप घेऊन रस्त्यावर जाईल, एक पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेईल. सगळे कागद एका फाइलीत लावून, वरती तारखांची यादी लिहून, ती फाइल तेराव्यानंतर त्या घरातल्या कर्त्या बाईच्या हातात द्यावी आणि सोमवारी सकाळी तिच्यासोबत जिल्हा न्यायालयात जावं.